वाफा भरेपर्यंत

रोज सकाळी सहाला माझा मोबाइल वाजतो आणि पडद्यावर 'आजचा भाग' येतो. वर्षभरात संपूर्ण बायबल वाचायची ही योजना. वाचून झालं की बोटाने हिरवी खूण करायची, चुकलं तर तो दुसऱ्या दिवशी आठवण करून देतो की तुम्ही एक दिवस मागे आहात. मनवेलपाड्यात चौथ्या मजल्यावर माझं घर आहे. गॅसवर चहा, एका हातात मोबाइल, चहा उकळेपर्यंत दीड अध्याय सहज होतो. खरं सांगायचं तर पुष्कळदा मी न वाचताच खूण करून टाकते. लांबलचक वंशावळी आल्या, मंदिराची मापं आली की माझा अंगठा आपोआप खाली सरकतो. बाबांना हे कळलं असतं तर त्यांनी मला उभं केलं असतं.

बाबांचं वाचन मोबाइलवर नव्हतं आणि घड्याळावरही नव्हतं. ते पाण्यावर होतं.

गिरीजला आमची वाडी. केळी, नारळ, मधल्या जागेत पडवळ, वांगी, अळू. विहीर एक आणि तिचे वाटेकरी दोन, बाबा आणि त्यांचा धाकटा भाऊ, माझे काका. सकाळचं पाणी आमचं, संध्याकाळचं काकांचं. बाबा सहा-साडेसहाला मोटर चालू करायचे, पाटातून पाणी केळीच्या मोठ्या वाफ्यात सोडायचे आणि विहिरीजवळ जुन्या रहाटाचा दगडी चौथरा होता, त्यावर बसायचे. हा वाफा भरायला अर्धा तास लागायचा. पूर्वी हा अर्धा तास ते विडी ओढायचे. आजी वारली त्याच्या पुढच्या वर्षी, उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, त्यांनी विडी सोडली आणि घरातलं बायबल घेऊन चौथऱ्यावर जाऊन बसले.

हे बायबल तोवर आमच्याकडे कुणी उघडलं नव्हतं. उघडलं नव्हतं म्हणजे वाचायला उघडलं नव्हतं. चर्चमधून प्रत्येक घरात एक घ्यायला सांगितलं, म्हणून घेतलं आणि घरातल्या देव्हाऱ्यात, म्हणजे अल्तारवर, क्रोशाच्या रुमालाखाली ठेवलं. संध्याकाळी रोझरी होत होती, रविवारी चर्चमध्ये मिस्सा होत होती, वचन वाचायचं काम फादरांचं. आमच्या बायबलमध्ये रेशनकार्ड होतं, माझी दहावीची गुणपत्रिका होती, एका लग्नातला आईचा फोटो होता. बाबांनी हे सगळं काढून आईच्या हातात दिलं आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली.

त्यांचं शिक्षण सातवी. मनात वाचणं त्यांना येतच नसे. ओळीखाली बोट ठेवून, मोठ्याने, एकेक शब्द उच्चारून वाचायचे. त्यात मोटर म्हातारी, तिची घरघर अशी की बाजूला बसलेल्यालाही ओरडून बोलावं लागे. त्यामुळे जगाची उत्पत्ती बाबांनी अक्षरशः ओरडून केली. घरात आम्ही आमच्या बोलीत बोलायचो, आणि पुस्तकातली मराठी अशी भरजरी, की बाबांच्या तोंडी ती ऐकताना आई पदराआड हसायची. ती म्हणायची, तुझ्या बापाला कलेक्टर व्हायचं होतं वाटतं.

पण खरी गंमत वेगळीच होती. वाफा भरला की वाचन बंद. अध्याय संपलेला असो वा नसो, वाक्य अर्धं असो. केळीच्या शेवटच्या ओळीला पाणी टेकलेलं दिसलं की बाबा पुस्तक मिटायचे, लाल फीत घालायचे आणि फावडं घेऊन पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवायला उठायचे. बाप पोटच्या मुलाला बळी द्यायला डोंगरावर घेऊन गेला, लाकडं रचली, सुरी उचलली, आणि आमचा वाफा भरला. मी तेव्हा कॉलेजात होते. गोष्ट मला माहीत होती, तरी त्या दिवशी कॉलेजात माझं लक्ष लागलं नाही. दुसऱ्या दिवशी कॉलेजला उशीर करून मी त्या मुलाची सुटका ऐकली.

पुढचं आधी वाचायची सोय नव्हती. एकदा मी फीत पाहून दोन पानं पुढे चाळली, तर बाबांनी पुस्तक हातातून घेतलं. म्हणाले, मधला वाफा कोरडा ठेवून पुढच्याला पाणी देतात का कुणी? आणि काहीही गाळायचं नाही. कुणाला कोण झालं, कोण किती वर्षं जगला, ती सगळी नावं त्यांनी अडखळत, चुकत, पण एकही न सोडता वाचली. आई म्हणायची, असू दे, तीही कुणाची माणसं. पावसाळ्यात वाडीला पाणी लागत नाही, म्हणून जूनपासून दसऱ्यापर्यंत वाचनही बंद. फादरांना हे कळलं तेव्हा ते पोट धरून हसले आणि म्हणाले की देवाचं वचन चार महिने सुट्टीवर जाणारं हे त्यांच्या धर्मग्रामातलं एकच घर.

बांधापलीकडे काकांची वाडी. आजी गेल्यापासून बाबा आणि काका एकमेकांशी बोलत नव्हते. विचारलं की सगळे एकच कारण सांगायचे, बांधावरचा नारळ. तो कुणाच्या हद्दीत, यावरून बिनसलं म्हणे. दोघांपैकी कुणीच त्याला हात लावत नसे. नारळ पिकून खाली पडायचे आणि येणारा-जाणारा उचलून न्यायचा. दोन शहाण्या माणसांनी असं का वागावं, हे मला तेव्हा कळत नव्हतं, आणि बाबांना विचारायची हिंमतही नव्हती. बायका मात्र बोलायच्या. कोळीण दारात आली की आई आणि काकू दोघी टोपलीपाशी वाकायच्या आणि मासळीच्या निमित्ताने सगळ्या खबरा इकडच्या तिकडे व्हायच्या. तिथेच काकूने आईला सांगितलं की आमचे हल्ली सकाळची भाजी तुमच्या बांधाकडूनच खुडायला सुरुवात करतात. चहा गार होतो, पण वाफा भरेपर्यंत घरात येत नाहीत.

म्हणजे ओरडून वाचलेलं ते सगळं काका ऐकत होते. आईने हे बाबांना सांगितलं नाही. मला सांगितलं आणि वर बजावलं की बोललीस तर बघ.

जुना करार संपायला पावणेचार वर्षं लागली. मी तोवर बँकेत लागले होते. नोव्हेंबर संपता संपता बाबांनी नव्या कराराचं पहिलं पान उघडलं, त्या दिवशी ते इतके खुशीत होते की आईला म्हणाले, आज बोंबील आण. आता प्रभू येशूची गोष्ट, आपल्या ओळखीची, असं ते सारखं म्हणत होते. खुशी चार-पाच दिवस टिकली.

मग एका सकाळी मोटर चालू होती आणि बाबांचा आवाज नव्हता. मला वाटलं घसा बसला. बाहेर जाऊन पाहिलं, तर ते पुस्तक मांडीवर उघडं ठेवून केळीकडे बघत बसले होते. वाफा भरून पाणी पलीकडे वाहायला लागलं होतं, तरी उठले नव्हते. बाबांच्या वाडीत पाणी वाया गेलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

फीत जिथे होती तिथलं वचन आमच्यात सगळ्यांना माहीत आहे. वेदीवर अर्पण आणलंस आणि तिथे तुला आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा, भावाशी समेट कर, मग ये. अशा अर्थाचं. चर्चमध्ये बाबांनी ते कितीदा तरी ऐकलं असणार. पण चर्चमध्ये फादर वाचून पुढे जातात, मग प्रवचन, मग गाणं, मग घरी जाऊन जेवण. इथे पुस्तक मांडीवर होतं आणि पुढे जायचं की नाही हे त्यांचं त्यांनाच ठरवायचं होतं.

त्यांनी आधी वकिली केली. रात्रीच्या जेवणाला आईला म्हणाले की त्यात लिहिलंय, भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर. माझ्या मनात त्याच्याविरुद्ध असेल तर काय करायचं, ते लिहिलेलं नाही. म्हणजे वचन त्याच्यासाठी आहे, माझ्यासाठी नाही. आईने त्यांच्या ताटात भात वाढला. मी तरुण होते, नोकरीची गुर्मी होती, मी म्हटलं, बाबा, मग उलटा ना पान, कशाला अडलात? बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ताट घेऊन उठले.

तीन आठवडे फीत हलली नाही. रोज मोटर लागायची, रोज ते चौथऱ्यावर बसायचे, तेवढीच वचनं पुन्हा वाचायचे आणि गप्प व्हायचे. पलीकडे काकाही हे ऐकत असणार. नाताळाआधीचा आगमनकाळ चालू होता, घराघरांत कागदी चांदण्या लागल्या होत्या, येशूजन्माचा गोठा करायला गवत आणायची माणसांची धांदल होती. रविवारी मिस्सेत ख्रिस्तप्रसाद घ्यायला सगळी रांग पुढे गेली आणि बाबा बाकावरच बसून राहिले. दुसऱ्या रविवारीही तेच. गावात असल्या गोष्टी लपत नाहीत. कुणी म्हणालं आजारी आहेत, कुणी आणखी काही. नाताळ चार-पाच दिवसांवर आला होता. बाबा नाताळच्या मिस्सेतही असेच बाकावर बसून राहिले तर? ते त्या पानावरच म्हातारे होतील असं मला खरोखर वाटत होतं.

शेवटी आईनेच तोंड उघडलं. रविवारी दुपारी बाबा पडले होते. आई माझ्याशी बोलल्यासारखं करून मोठ्याने म्हणाली की नारळाचं नाव पुढे करून चार वर्षं झाली, आता ज्याचं त्याने काय ते बघावं. बाबा उठून बसले. मग त्यांनी भिंतीकडे तोंड करून मला ते सांगितलं, जे नारळाच्या वादामागे होतं.

आजी त्या वर्षी महिनाभर अंथरुणावर होती, आमच्याकडे. काका रोज संध्याकाळी येऊन बसायचे. शेवटच्या सकाळी आजीचा श्वास बदलला. आईने बाबांना सांगितलं, भाऊजींना हाक मारा, फादरांना बोलवा. तेव्हा नऊला लाइट जायची. मोटर चालू होती, दोन वाफे राहिले होते. बाबा म्हणाले, एवढे दोन भरतो आणि जातो. ते दोन वाफे भरेपर्यंत आजी गेली. काका तोवर भाजी घेऊन तुळिंजच्या बाजाराला निघून गेले होते. दुपारी परत आले तर अंगणात खुर्च्या मांडलेल्या.

मी तेव्हा कॉलेजात होते, घरी आले ती थेट रडारडीत. मला एवढंच आठवत होतं की बाबा आलेल्या प्रत्येकाला सांगत होते, आई माझ्या हातावर गेली, शेवटचं पाणी मी पाजलं.

हे सांगून झाल्यावर बाबा उठले, सदरा चढवला आणि बांधाच्या दिशेने चालू लागले. चार वाजले होते, काकांच्या पाण्याची वेळ. आईने मला खूण केली, जा मागोमाग. मी केळीच्या आडोशाने गेले. लाज वाटत होती, पण गेले.

काका पाटाशी फावड्याने माती ओढत होते. बाबांना बांध ओलांडताना पाहून त्यांचा हात थांबला, मग परत चालू झाला. बाबांनी प्रस्तावना केली नाही.

"आय गेली त्या दिवशी तुला हाक मारायला पायजे होती. नाय मारली."

काकांनी आणखी एकदा माती ओढली. मग खाली बघूनच बोलले.

"मी सकालीच बांधावर आलतो. आयला बगून बाजाराला जाऊ म्हनून. तुज्या पाटात पानी चाललं होतं. मी म्हटलं, दादा पानी लावतोय, म्हंजे आय बरी हाय. तसाच सायकल घेऊन गेलो."

बाबा बांधावरच बसले. मला केळीमागे उभं राहवत नव्हतं. चार वर्षं काकांच्या डोळ्यांपुढे ते वाहतं पाणी होतं, आणि रोज सकाळी ते त्याच पाण्याच्या बाजूला उभे राहून भाजी खुडत होते.

"तू तरी होतास," काका म्हणाले. "तुज्या हातावर गेली. मला तेपन नाय."

"मीपन नव्हतो," बाबा म्हणाले. "लोकांना खोटं सांगितलं. आय गेली तवा मी पानीच लावत होतो."

काकांनी फावडं टाकलं. त्यांनी विचारलं, मग कोण होतं तिच्यापाशी? बाबांनी आमच्या घराकडे बोट केलं.

काकांनी मोटर बंद केली. वाफा अर्धाच भरला होता. दोघे पुढे-मागे आमच्या अंगणात आले आणि मी त्यांच्या मागून, आपण कुठून आलो हे कुणी विचारू नये म्हणून मान खाली घालून. आई स्वयंपाकघरात नाताळच्या करंज्या करत होती. काका चार वर्षांनी आमच्या घरात पाऊल टाकत होते. ते दारातच थांबले.

"वैनी," ते म्हणाले, "आय जाताना काय बोलली?"

आईने हातातली करंजी मुरडून पूर्ण केली, ताटात ठेवली, तिच्यावर ओला रुमाल टाकला. मग सांगितलं. काही विशेष नाही. आजीने पाणी मागितलं, आईने दोन चमचे घातले. फादर नव्हते, म्हणून आईनेच तिच्या कानात 'नमो मरिये' ही प्रार्थना म्हटली. आजीने तिचा पदर धरला होता. मुलांपैकी कुणाचं नाव घेतलं नाही. आईला विचारलं, तू जेवलीस का? एवढंच, आणि मग मान कलली.

बाबांनी हळूच विचारलं की हे तिने चार वर्षांत सांगितलं का नाही.

"कोनी विचारलं?" आई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "तुमी लोकांना सांगत होता, तुमच्या हातावर गेली. मी मधे बोलून नवऱ्याला खोटा पाडू? ती माज्या हातावर गेली. आनि मी उठून आलेल्या मानसांसाठी चाय ठेवली. मला कोनी रडायला पन बसू दिलं नाय."

आणि ती बसली. पिठाच्या हातांनी पदर तोंडाला लावून रडायला लागली. आईला मी तोवर रडताना पाहिलं नव्हतं, आजीच्या मयतीतही नाही, आणि तेव्हा मला ते तिचं धीराचं मन वाटलं होतं. वचनात भाऊ म्हटलं होतं, म्हणून आम्ही सगळे तीन आठवडे बांधापलीकडे बघत राहिलो. मी शिकलेली, बँकेतली, मलाही सुचलं नाही की एकदा चुलीकडे बघावं.

काका आत येऊन जमिनीवर बसले. बाबा थोडा वेळ उंबऱ्यावर उभे होते. मग तेही आले, आईच्या शेजारी खाली बसले, आणि ज्या माणसाने उभ्या जन्मात कुणापुढे मान वाकवली नव्हती, तो तिच्यापुढे हात जोडून म्हणाला, "माजं चुकलं. पयलं तुज्याकडं यायला पायजे होतं."

आईने त्यांचे हात खाली केले नाहीत. तिने रडणं पूर्ण केलं. आम्ही तिघं तिथेच बसून राहिलो, तिचं होईपर्यंत.